वाऱ्याचं कपाट

मे महिन्यात आभाळ भरून आलं की रत्नागिरीतले लोक वर बघतात. ज्यांच्या आंब्याच्या बागा आहेत ते काळजीने बघतात, ज्यांच्या नाहीत ते सवय म्हणून बघतात. मी मात्र आमच्या गॅलरीच्या कोपऱ्याकडे बघते. तिथे जुनी चादर पांघरून एक जाळीचं कपाट उभं आहे. पूर्वी घराघरात दूध, दही, लोणी ठेवायला असायचं तसलंच, छातीएवढ्या उंचीचं. फरक एवढाच, की याच्या पाठीला संगणकातले पंखे बसवलेले आहेत आणि माथ्यावर संगणकाच्याच पोटातला एक पत्र्याचा डबा आहे, ज्यातून लाल, पिवळ्या, काळ्या वायरी खाली उतरतात. पाहुण्यांना आम्ही ते आपणहून दाखवत नाही. एकदा एका पाहुण्यांनी चादर उचलून बघितली आणि काही न विचारता परत खाली सोडली. आमच्या घरात त्याला वाऱ्याचं कपाट म्हणतात.

यंदाही महिना अर्ध्यावर यायच्या आत ढग आले. सकाळी कपडे वाळत घालताना हाताला हवा लागली तेव्हाच कळलं. अंगाला चिकटणारी, समुद्रावरून येणारी, मिठाची चव असलेली हवा. घरात पेंढ्यात घातलेल्या आंब्यांचा वास कोंडला होता. ह्या वासात आणि ह्या हवेत मी उभी राहिले की माझं वय काही केल्या जागेवर राहत नाही. मी सरळ शिरगावच्या आमच्या जुन्या बिऱ्हाडी जाऊन पोचते. अण्णा म्हणजे माझे वडील पडवीत खुर्चीवर बसलेले असतात, आणि आई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभी राहून आभाळाकडे बघत असते, एखाद्या उशिरा आलेल्या गड्याकडे बघावं तशी.

आंबापोळी ही दिसायला किती साधी गोष्ट. रायवळ, म्हणजे गावठी आंब्यांचा रस काढायचा, तूप लावलेल्या ताटात पातळ ओतायचा आणि उन्हात ठेवायचा. सुकला की त्यावर दुसरा थर, मग तिसरा. मग ती अख्खी पोळी सुटी करून उलटायची. पण सगळा खेळ उन्हाचा. पहिला थर सुकायच्या आत ऊन गेलं तर रस आंबतो, आणि आंबलेल्या रसाची पोळी म्हणजे केलेल्या मेहनतीची थट्टा. त्यात मुंग्या, त्यात कावळे. आई ताटांवर मलमलीचं फडकं पसरायची आणि स्वतः जवळ राखणीला बसायची. तिच्या पोळीला आरपार उजेड दिसायचा. तिला त्याचा गर्व होता आणि तो गर्व तिने कधी लपवला नाही.

अण्णांचा गर्व वेगळा होता. त्यांचा बाजारपेठेत टायपिंगचा क्लास होता. माझ्या लहानपणीचा सगळ्यात ओळखीचा आवाज तोच, एका खोलीत एकाच वेळी बडवली जाणारी यंत्रं आणि ओळ संपल्यावर वाजणाऱ्या घंट्या. अण्णा त्या गोंगाटात उभे राहून सांगायचे, ‘‘बघू नकोस, बोटांना कळतंय.’’ जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत कोणाची तरी बोटं अण्णांनी वळवलेली आहेत, असं आई पाहुण्यांना सांगायची. निम्म्या जरा जास्तच झाल्या, पण तहसील कचेरीत गेलं की कोणी ना कोणी उठून अण्णांना खुर्ची द्यायचं हे मी पाहिलेलं आहे. टायपिंग त्यांच्या हातात इतकं भिनलं होतं, की कोणी काही बोलायला लागलं की अण्णांची बोटं गुडघ्यावर तेच टाइप करू लागत. जेवताना आई काही सांगत असली की डाव्या हाताची बोटं पाटावर हलायची. आई म्हणायची, ‘‘मी बोलते ते ऐका, छापू नका.’’

मग संगणक आले. अठ्ठ्याण्णव साल असेल. टायपिंगच्या परीक्षांना बसणारी मुलं कमी होऊ लागली आणि अण्णांनी, त्या वयात, संगणक शिकायचं ठरवलं. शिकलेही. क्लाससाठी मुंबईहून जुनी यंत्रं मागवली. ती कशी आली हे सांगायलाच हवं. हंगामात इथून आंब्याच्या पेट्या भरून ट्रक मुंबईला जायचे आणि येताना बरेचदा रिकामे यायचे. तशाच एका ट्रकमधून, आंब्याच्याच पेट्यांत, आंब्याच्याच पेंढ्यात गुंडाळून अण्णांचे संगणक रत्नागिरीत उतरले. कितीतरी दिवस कीबोर्डच्या फटींतून पेंढ्याच्या काड्या निघत होत्या आणि क्लासच्या खोलीला हापूसचा वास येत होता. मुलं चपला दाराबाहेर काढायची, देवळात शिरावं तशी. आईने प्रत्येक पडद्याला आणि कीबोर्डला मापाचं प्लॅस्टिकचं आवरण शिवून दिलं होतं, काठाला फुलाफुलांची पट्टी लावून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला टायपिंगची यंत्रं पुजायची आमची रीत होती. त्या वर्षीपासून झेंडूची फुलं संगणकावरही चढली.

आमची खारी हवा मात्र कोणाच्या पूजेला भुलत नाही. ती सायकलीची चेन खाते, खिडक्यांचे गज खाते, तशी ती हळूहळू संगणकांच्या आत शिरली. एकेक यंत्र कुरकुरू लागलं. पुढे गावात नवे, काचेच्या दरवाजांचे, थंडगार क्लास निघाले. तिथले संगणक रंगीत आणि चपळ. मुलं तिकडे गेली, त्यांचं काही चुकलं नाही. दोन हजार चारच्या सुमारास अण्णांनी क्लासची खोली सोडली. टायपिंगची यंत्रं कोणीतरी घेऊन गेलं. संगणक कोणी घेईना, म्हणून ते टेंपोत घालून शिरगावला आणले आणि पडवीच्या एका टोकाला रचून ठेवले, आईने शिवलेली आवरणं घालून. भंगारवाला दोनदा दारावर येऊन गेला. दोन्ही वेळा अण्णांनी त्याला नुसती मान हलवून वाटेला लावलं.

आणि मग अण्णा बसले. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरीच होते, म्हणून मी हे रोज पाहिलं. सकाळी चहा झाला की ते पडवीत खुर्चीवर बसायचे ते दुपारी जेवायला उठायचे, जेवून परत तिथेच. पेपर उघडा धरलेला, पान तेच. विचारलं तर उत्तर द्यायचे, रागवायचे नाहीत, आजारीही नव्हते. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

आईने मला एकदा विहिरीपाशी गाठलं.

‘‘त्यांची बोटं बघितलीस गो?’’

‘‘काय झालं बोटांना?’’

‘‘हलत नायत. परवा मी मुद्दाम बोलत बसले तासभर, वाटेल ते. एक बोट हललं नाय.’’ ती पाणी काढायची थांबली. ‘‘माणूस असा खुर्चीत बसल्या बसल्या संपतो बघ. माझ्या वडलांचं मी पाहिलंय. मला भीती वाटते.’’

आई भीती वाटते असं म्हणणाऱ्यांतली नव्हती. साप निघाला तर काठी शोधायची, शब्द नाही. त्यामुळे तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मलाही भीती वाटली, आणि त्या दिवसापासून मीही अण्णांच्या बोटांकडे बघायला लागले. ती खुर्चीच्या हातावर नुसती पडलेली असायची, दुसऱ्या कोणाची असावीत तशी.

त्या वर्षी आभाळानेही डाव साधला. आईने पोळ्या घातल्या आणि दुसऱ्याच दिवशी ढग आले. पाऊस नाही, नुसतेच ढग. पहिली ताटं आंबली. दुसऱ्या खेपेची ताटं तिने घरात चुलीजवळ ठेवली, तर त्यांना धुराचा वास लागला. आईची चिडचिड सुरू झाली. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या आधी घरात भरून ठेवायची, बाकी सगळी तयारी झाली होती. पापड झाले होते, मिरच्या कुटून झाल्या होत्या, सुकी लाकडं पडवीत लागली होती. पोळीच तेवढी राहिली होती. विनू, माझा धाकटा भाऊ, पुण्याला वसतिगृहात होता आणि पोळीची वाट बघत होता. आई ताटं आतबाहेर करता करता पडवीतून जाताना म्हणाली, ‘‘तुमच्या त्या डब्यांत पंखे असतात ना हो? दिवसभर क्लासात घोंघों करायचे ते?’’

‘‘असतात.’’

‘‘मग एखादा काढून द्या की. एवढा वारा तरी लागेल.’’

‘‘ते पंखे संगणक थंड ठेवायला असतात. पोळी सुकवायला नाय.’’

‘‘वाऱ्याला काय माहीत तो कशाला आहे ते?’’ असं म्हणून आई आत निघून गेली.

तिने हे सगळं ठरवून केलं की सहज बोलून गेली, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. तिने धड उत्तर कधी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत आले तर अण्णा खुर्चीवर नव्हते. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर एक संगणक उघडा पडला होता, आणि त्याचे स्क्रू त्यांनी आईच्या हळदीकुंकवाच्या वाटीत काढून ठेवले होते.

संगणकाच्या पोटात वीज वाटणारा एक डबा असतो. भिंतीतली वीज तो आत घेतो आणि तिचे बारीक, सोसतील असे वाटे करून बाकीच्यांना देतो. अण्णांनी तो डबा आणि एक पंखा एवढंच बाहेर काढलं, वायर जोडली आणि बटण दाबलं. पंख्याने एकदा अंग हलवलं आणि थांबला. परत दाबलं, परत तेच. अण्णांनी दुसऱ्या संगणकाचा डबा काढला. तोही तसाच. एकजात सगळे डबे बिघडलेले कसे असतील, हे त्यांच्या डोक्यात बसेना. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच मागवलं. आईने कधी नव्हे ते काही न बोलता ताट नेऊन दिलं.

संध्याकाळी त्यांना उलगडलं. एका डब्याच्या वायरीला हार्ड डिस्क चुकून जोडलेलीच राहिली होती. हार्ड डिस्क म्हणजे ती जाडजूड पत्र्याची वडी, जिच्या आत चकत्या फिरतात आणि ज्यात संगणकाची सगळी स्मरणं असतात. ही चकती, अण्णा त्या अख्ख्या वडीलाच चकती म्हणायचे, कधीचीच निकामी झाली होती, तिच्यातलं काही वाचता यायचं नाही. पण वीज मिळाली की ती फिरायची मात्र. अण्णांनी बटण दाबल्यावर तिने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, घरघरली, आणि तिच्या पाठोपाठ पंखा सुरू झाला आणि सुरूच राहिला. त्यांनी चकतीची वायर उपटली, पंखा बंद. परत जोडली, चालू. त्यांनी हे तीनचार वेळा केलं. मग मला समजावून सांगितलं, की ह्या डब्याला अंगावर पुरेसा भार लागतो. एकट्या पंख्याचा भार त्याला कमी पडतो. भार नसेल तर त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे, आणि तो स्वतःला बंद करून घेतो.

आई दारात उभी राहून ऐकत होती.

‘‘म्हणजे ती चकती काय करते?’’ तिने विचारलं.

‘‘काय नाय करत. नुसती फिरते.’’ अण्णा हातातल्या चकतीकडे बघत म्हणाले, ‘‘माझ्यासारखी. कामाची नाय. पण काढली की बंद.’’

‘‘मग काढू नका,’’ आई म्हणाली आणि दिवा लावायला गेली.

अण्णांनी चकती एका फडक्याने पुसली आणि डब्याच्या शेजारी ठेवली. आज मागे वळून बघताना वाटतं, की त्या दोघांच्या संसारात मी ऐकलेलं सगळ्यात प्रेमाचं बोलणं तेवढंच, आणि तेही एका बिघडलेल्या यंत्राबद्दल होतं.

आता कपाट. स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट फ्रीज आल्यापासून रिकामंच होतं. अण्णांनी त्याच्या पाठीची जाळी कापून तिथे पंखे बसवले, ऊब यावी म्हणून खालच्या कप्प्यात साधे दिवे लावले, डबा आणि चकती माथ्यावर चढवली, आणि वरच्या कप्प्यांत ताटं सरकवली. इथपर्यंत सगळं उत्तम. पण अण्णांचा जन्म यंत्रांना धुळीपासून जपण्यात गेलेला. मुंग्या शिरू नयेत म्हणून त्यांनी आईने शिवलेली ती प्लॅस्टिकची आवरणं उसवून, फुलाफुलांच्या पट्टीसकट, कपाटाला चहूबाजूंनी ताणून बसवली आणि कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मुंगीच काय, वारासुद्धा शिरणार नाही असं चोख काम. पंखे घुमत होते, दिवे जळत होते, आणि आतल्या आत तीच ओली हवा गोल फिरत होती. सकाळी उघडलं तर पोळीला घाम फुटलेला, कडेला पांढरी बुरशी.

अण्णा खचतील असं मला वाटलं. मी आईकडे बघितलं, आई ताटाकडे बघत होती.

‘‘वाफ जाणार कुठनं?’’ ती म्हणाली. ‘‘तिला वाट कुठं ठेवलीत?’’

‘‘मुंग्या येतील ना.’’

‘‘मुंग्यांना पायाखाली पाणी ठेवतात. तोंड दाबून नाय धरत.’’

मग त्या दोघांचं भांडण झालं, खणखणीत, पडवीत उभं राहून, कितीतरी महिन्यांनी. आईचं म्हणणं, प्लॅस्टिक काढा. अण्णांचं म्हणणं, धूळ. आईचं म्हणणं, मलमल. अण्णांचं म्हणणं, पंख्यांची पाठ खिडकीकडे केली की बाहेरची हवा आत ओढली जाईल. आईचं म्हणणं, ती खिडकी पश्चिमेला आहे, तिकडनं समुद्राचा वारा येतो, तो सुकवतो की भिजवतो? सकाळचा मतलई वारा घ्या, डोंगराकडून येतो तो, कोरडा असतो. दुपारी वारा फिरला की कपाट फिरवा. मी आत पोहे करत होते आणि माझं अर्धं लक्ष भांडणाकडे होतं. मी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आले तर आई हातवारे करत वारे समजावत होती, आणि अण्णांची उजव्या हाताची बोटं त्यांच्या लेंग्याच्या शिवणीवर भराभरा हलत होती. मतलई, पूर्व, दुपार, फिरवा, सगळं उमटत होतं. आईने ते पाहिलं. तिने बोलणं थांबवलं नाही, उलट आणखी वाढवलं, तेच तेच परत परत सांगितलं. मी ताटली घेऊन परत आत गेले, कारण मला रडू आलं होतं आणि त्यांना ते दाखवायचं नव्हतं.

कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आल्या. पुढच्या बाजूला मलमल आली. सकाळी कपाट पूर्वेच्या दाराशी, दुपारी आतल्या खोलीत, असं ते फिरू लागलं. सरकवायला सोपं जावं म्हणून अण्णांनी वाट्यांसकट त्याला एक फळी आणि तिला चाकं लावली. ढग तसेच होते. पण त्या ढगाळ मे महिन्यात आमच्या घरात आंबापोळी झाली, थरावर थर देऊन, आरपार उजेड दिसणारी. आईने पहिला तुकडा देवापुढे ठेवला, आणि दुसरा, मी बघत नाही असं समजून, माथ्यावरच्या चकतीपुढे.

पुढे काय होतं ते सांगायला नको. शेजारच्या रेहानाभाभींचे मालक कुवेतला होते, घरात त्या आणि सासू. त्यांनी पोळी खाल्ली, कपाट बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अण्णा, आमचे पण थोडे बोंबील टाकू काय आत? पावसाला सुके पायजेत, आणि उन्हाचा काय पत्ता नाय.’’

आमच्या आईच्या चेहऱ्यावरचे भाव बघण्यासारखे होते. बोंबलावर तिचा राग नव्हता, पण पोळीच्या कपाटात बोंबील म्हणजे काय? अण्णांनी हात वर केला. ‘‘भाभी, तुम्हाला वेगळं करून देतो.’’ आणि दुसरा संगणक उघडला. त्या कपाटालाही एक निकामी चकती लागली. मग कोणी आमसुलं घेऊन आलं, कोणी फणसाची साठं, म्हणजे फणसपोळ्या, पावसाळ्यात कोणी मुलांच्या शाळेचे मोजे. पडवीतली रास हळूहळू कमी होत गेली. उरलेलंही वाया गेलं नाही. चकतीच्या आतलं लोहचुंबक आईच्या शिवणयंत्राला चिकटलं, सांडलेल्या सुया गोळा करायला. जुन्या सीड्या दोऱ्याने खळ्यावर टांगल्या गेल्या. त्या उन्हात लकाकल्या की कावळे ताटांकडे फिरकायचे नाहीत. छापायच्या कागदांची कडेला भोकं असलेली लांबच लांब थप्पी आईला फडताळात अंथरायला कित्येक वर्षं पुरली. एका पडद्याच्या रिकाम्या खोक्यात मांजरी व्याली. अण्णा म्हणाले, ‘‘ह्यावर आता कार्यक्रम चांगला लागतो.’’

अण्णांचा क्लास काही परत सुरू झाला नाही. ते कोणी मोठे कारागीरही झाले नाहीत, अर्धी कपाटं महिन्यात परत दुरुस्तीला यायची. पण खुर्ची रिकामी राहिली. संध्याकाळी कोणाच्या तरी पडवीत ते स्क्रू शोधत बसलेले असायचे आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते बोटांनी मांडीवर उतरवून घेत असायचे. त्यानंतर अण्णा बरीच वर्षं जगले, आणि चालते-बोलते असतानाच गेले. प्रत्येक खंडेनवमीला त्या चकतीला हळदकुंकू वाहिलं गेलं. तिच्यावरचा पिवळा डाग आता निघत नाही.

माणसाला कशाने बरं वाटतं, ह्याचा मी आता फार विचार करते. आपण दमलेल्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवतो आणि समजतो की आपण त्याचं भलं केलं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण अण्णांचं सगळं ओझं उतरलं होतं तेव्हाच ते बंद पडले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पाहिलेलं असूनही वेळ आली की ते आठवत नाही, हेच खरं.

आई दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे, रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या फ्लॅटवर, राहायला आली. येताना तिने साड्या थोड्या आणल्या आणि कपाट आणलं. फ्लॅटमध्ये तिला करायचं असं काही नव्हतं. स्वयंपाकाला बाई येते, पाणी नळाला येतं. ती भाजी निवडायला घेई आणि आमच्यापैकी कोणीतरी म्हणे, ‘‘राहू दे गं आई, आता आराम कर.’’ ती राहू द्यायची. हल्ली हल्ली ती दुपारची जी पडायची ती संध्याकाळ झाली तरी उठायची नाही. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. वय आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते.

यंदा ढग आले तेव्हा विनू सुट्टीला आला होता. तो पुण्याला इंजिनिअर आहे, हुशार आहे आणि मनाने अगदी अण्णांवर गेलाय. रायवळची टोपली बघून तो म्हणाला, ‘‘यंदा पोळी करायचीच. आई, तू फक्त बसून सांग.’’ आम्ही कपाटावरची चादर काढली, धूळ पुसली, पायांखाली वाट्या ठेवल्या. आई स्टुलावर बसून होती, मांडीवर तूप लावलेलं ताट धरून. विनूने वायरी बघितल्या आणि हसला.

‘‘हा डबा म्हणजे राक्षस आहे. ह्याची आता काही गरज नाही.’’ त्याने बॅगेतून वीज देणारी, मुठीत मावेल एवढी काळी डबी काढली, पंख्यांच्या वायरी तिला जोडल्या आणि बटण दाबलं. पंखे लगेच फिरले, अगदी गप्प, वाऱ्याशिवाय दुसरं काही न देता. विनू खुश झाला. मीही झाले.

‘‘आणि ती चकती?’’ आईने विचारलं.

‘‘तिचं आता काही कामच नाही गं. तिच्याशिवाय चालतंय की.’’

आईने फिरणाऱ्या पंख्यांकडे बघितलं. मग तिने मांडीवरचं ताट उचललं आणि ओट्यावर ठेवलं.

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला जमतंय. मी पडते जरा.’’

ती भिंतीला हात लावत आत गेली. पलंग कुरकुरल्याचा आवाज आला. मी ओट्यावरच्या त्या ताटाकडे बघितलं. त्यावर तुपात तिची बोटं उमटलेली होती. मग माथ्यावर थांबलेल्या चकतीकडे बघितलं.

‘‘विनू, ते काढ,’’ मी म्हटलं.

‘‘काय काढू?’’

‘‘ती डबी. जुना डबा जोड. चकतीसकट.’’

‘‘अगं, पण हे नीट चाललंय.’’

‘‘माहीत आहे. काढ.’’

विनूने माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे बघितलं, आणि डबी काढली. त्याने लाल, पिवळ्या, काळ्या वायरी जागच्या जागी बसवल्या आणि अण्णा दाबायचे तसं अंगठ्याने बटण दाबलं. पंख्यांनी एकदा अंग हलवलं. मग चकतीने घसा खाकरला, घरघरली, आणि तो जुना आवाज साऱ्या घरात भरून राहिला.

आत पलंग परत कुरकुरला.

‘‘थांबा रे,’’ आई येता येता म्हणाली. ‘‘रसाला हात लावू नका. जाड कुठं, पातळ कुठं, तुम्हाला कळत नाय.’’

विनूने स्टूल तिच्यासाठी पुढे सरकवलं, आणि मी रसाचं पातेलं उचलून तिच्या हातात दिलं.